घटना, दर्शन आणि वाक्य : अर्थालेखांच्या एका उणिवेविषयी

वाक्याचा अर्थ आकृतीने दाखविता येतो, ही कल्पना आता नवी राहिलेली नाही. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ ल्युसिएँ तेन्येर ह्यांचा वाक्यरचनेवरील ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला. वाक्य हे एक लहानसे नाट्य, क्रियापद हा त्यातील प्रसंग व नामे ही त्यातील पात्रे, अशी मांडणी त्यात आढळते. १९६७ मध्ये डोनाल्ड डेव्हिडसन ह्यांनी तर्कशास्त्राच्या बाजूने त्याच दिशेस एक महत्त्वाचे पाऊल टाकले. 'त्याने रात्री ओसरीवर अडकित्त्याने सुपारी कातरली' ह्या वाक्यावरून 'त्याने सुपारी कातरली' हे वाक्य आपोआप निष्पन्न होते. ते का होते, ह्याचे उत्तर द्यावयाचे तर कातरण्याची घटना हीच एक स्वतंत्र वस्तू मानावी, आणि काळ, स्थळ व साधन हे त्या घटनेचे निरनिराळे विशेष समजावे, असे त्यांचे म्हणणे होते. (उदाहरण आमचे आहे, त्यांच्या उदाहरणात पावाला लोणी लावावयाचे होते.) पुढच्याच वर्षी चार्ल्स फिलमोर ह्यांनी शब्दरूपांत दिसणाऱ्या विभक्तीच्या खाली अर्थाची अशी एक विभक्ती असते, असे प्रतिपादन केले. ह्या सर्व विचारांची संगणकाच्या सोयीने झालेली बांधणी म्हणजे लॉरा बानारेस्कू व त्यांचे सहकारी ह्यांनी २०१३ मध्ये पुढे आणलेली 'ॲब्स्ट्रॅक्ट मीनिंग रेप्रिझेंटेशन' ही पद्धती होय.

ह्या लेखात 'आलेख' हा शब्द चौकटीच्या कागदावर काढावयाच्या वक्ररेषेच्या अर्थाने वापरलेला नाही. काही बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या, नाव दिलेल्या बाणरेषा, एवढाच येथे त्याचा अर्थ. वरील पद्धतीत घटनेचा एक बिंदू असतो. त्यातून करणाऱ्याकडे एक बाण, केल्या गेलेल्या वस्तूकडे दुसरा, स्थळाकडे तिसरा. 'मुलाला घरी जावयाचे आहे' ह्या वाक्यात इच्छा करणारा आणि जाणारा एकच असल्यामुळे 'मुलगा' ह्या एकाच बिंदूकडे दोन बाण येतात, आणि वृक्षाकृतीला न साधणारी गोष्ट आलेखाला साधते. शब्द निरनिराळे पण अर्थ एक, अशा वाक्यांना एकच आलेख मिळावा, ही ह्या पद्धतीची प्रतिज्ञा आहे. क्रियापदाचा काळ तिने मूळ मांडणीत सोडून दिला. आपली घडण इंग्रजीकडे झुकलेली आहे व ही सर्व भाषांना समान अशी मध्यस्थ भाषा नव्हे, हेही तिच्या कर्त्यांनी स्वतःच सांगितले. हा प्रामाणिकपणा अशा विषयात विरळा आहे.

आमचा आक्षेप काळाविषयी नाही व इंग्रजीविषयीही नाही. असा आलेख घटना कोणीच पाहिलेली नाही अशा रीतीने रेखाटतो, आणि वाक्य बहुधा तसे बोलत नाही, हा आमचा मुद्दा आहे. घटना कळली कशी, ती घडताना दिसली की तिची खूण मागाहून दिसली की ती कानावर आली, हे सांगण्याची सोय मराठीने आपल्या अगदी साध्या रूपांत करून ठेविली आहे. ते रूप आलेखात उतरविताना गळून पडते, आणि जे गळते ते अर्थाचाच भाग असते.

एक घरगुती घटना घेऊ. 'मांजराने दूध सांडले.' आलेख सरळ आहे : सांडण्याचा बिंदू, मांजराकडे एक बाण, दुधाकडे एक. आता 'मांजराला दूध सांडताना मी पाहिले' आणि 'मांजराने दूध सांडल्याचे मी पाहिले' ही दोन वाक्ये शेजारी ठेवावी. वरील पद्धतीच्या नियमांप्रमाणे दोहोंस एकच आकृती मिळेल : पाहण्याचा बिंदू, 'मी' कडे एक बाण, आणि दुसरा बाण सांडण्याच्या बिंदूकडे. परंतु मराठी कान ह्या वाक्यांना एक समजत नाही. पहिल्यात भांडे कलंडत असता बोलणारा तेथे उभा होता. दुसऱ्यात तो संध्याकाळी घरी आलेला असू शकतो. फरशीवरचे दूध आणि उंबऱ्यापर्यंत उमटलेली पावले एवढेच त्याने पाहिलेले असू शकते.

हा केवळ छटेचा फरक आहे असे कोणी म्हणेल. तो तसा नाही, हे दोन कसोट्यांनी दाखविता येते. समजा, ते मांजर शेजाऱ्यांची मनी होती आणि बोलणाऱ्यास ते ठाऊक नव्हते. तर 'मनीला दूध सांडताना त्याने पाहिले' हे वाक्य खरेच राहते. त्याला ओळख असो वा नसो, डोळ्यांपुढे जे होते ते होते. 'मनीने दूध सांडल्याचे त्याने पाहिले' हे मात्र आपण म्हणणार नाही. दुसरी कसोटी नकाराची. 'मांजराने दूध सांडले नसल्याचे मी पाहिले' हे वाक्य सुखेनैव बोलता येते. 'मांजराला दूध न सांडताना मी पाहिले' हे ऐकताच माणूस थबकतो. जे घडलेच नाही ते डोळ्यांना दिसत नाही, बुद्धीला मात्र कळते. इंग्रजीतील समांतर रूपांविषयी जॉन बारवाइज ह्यांनी १९८१ मध्ये ह्याच जातीचा विचार मांडला, आणि पाहण्याचा विषय प्रसंगाचा एक तुकडा असतो, विधान नसते, ह्या निष्कर्षापर्यंत ते आले. त्यातून पुढे परिस्थितीवर आधारलेले एक संपूर्ण अर्थशास्त्र उभे राहिले. '-ताना' हे रूप त्या तुकड्याकडे बोट दाखविते, '-ल्याचे' हे रूप विधानाकडे.

ओघाने आलेखाच्या बाजूचेही एक सांगितले पाहिजे. 'मी त्याला बाजारातून जाताना पाहिले' ह्यात जाणारा कोण, मी की तो, हे वाक्य सांगत नाही. आलेख काढणाऱ्यास मात्र बाण कोठे तरी न्यावाच लागतो. विद्यार्थ्याकडून अशा वाक्यांचे आलेख काढून घेतले तर संदिग्धता त्याच्या नजरेस लगेच येते. व्याकरणाच्या तासाला व्याख्या पाठ करून ती येतेच असे नाही. आकृतीचा हा उपयोग लहान नव्हे.

येथे एक जुना प्रश्न उभा राहतो. घटना डोळ्यांना दिसते तरी काय? पतंजलीने धातुसंज्ञेच्या सूत्रावरील भाष्यात ह्याचे स्पष्ट उत्तर दिले आहे : क्रिया ही मुळीच दिसत नाही, गोळा करून पुढे ठेवावी तशी ती दाखविता येत नाही, तिचे अनुमानच करावे लागते. भांडे आहे, तांदूळ आहेत, विस्तव आहे. तरी कधी 'शिजवितो' म्हणता येते, कधी येत नाही. जिच्यामुळे ते म्हणता येते ती क्रिया. येथे असलेला देवदत्त जिच्यामुळे मागाहून पाटलीपुत्रात असतो ती क्रिया, हे त्याचे दुसरे लक्षण तर अधिकच मार्मिक आहे, कारण त्यात दोन दृश्ये आहेत आणि क्रिया त्या दोहोंच्या मधल्या न दिसणाऱ्या जागी आहे. भर्तृहरीने ह्याच विचारास पुढे नेले. एकामागून एक येणाऱ्या क्षणांपैकी कोणताही एक म्हणजे 'शिजविणे' नव्हे; ते क्षण एकत्र कधीच नसतात; बुद्धी त्यांना एक मानते आणि मग त्या एकपणाला आपण धातूने संबोधितो.

विसाव्या शतकातील प्रायोगिक मानसशास्त्राने ह्याच्या उलट साक्ष दिली असे प्रथमदर्शनी वाटते. १९४४ मध्ये फ्रिट्झ हायडर आणि मारिआन झिमेल ह्यांनी एक लहान चित्रपट प्रेक्षकांना दाखविला. त्यात दोन त्रिकोण, एक वर्तुळ आणि दार उघडमीट होणारा एक चौकोन, एवढेच होते. काय दिसले ते लिहा, असे सांगितलेल्या गटात केवळ एकाने भौमितिक शब्दांत वर्णन केले. बाकीच्यांना पाठलाग, दांडगाई, भीती, सुटका दिसली. दोन वर्षांनी आल्बेर मिशोत ह्यांचा कार्यकारणाच्या दर्शनावरील ग्रंथ आला. एक आकृती सरकत येऊन दुसरीला टेकते आणि दुसरी सरकू लागते, एवढ्यावर पाहणारा 'ह्याने त्याला ढकलले' असे म्हणतो; टेकणे आणि सरकणे ह्यांच्या मध्ये सेकंदाचा लहानसा अंश जाऊ दिला की तो तसे म्हणत नाही. म्हणजे ढकलणे हे अनुमान नसून दर्शनच आहे, असा मिशोत ह्यांचा दावा होता.

ह्या दाव्याने पतंजली खोटा ठरतो असे आम्हांस वाटत नाही. त्याला आधुनिक प्रयोगशाळेत नेऊन बसविण्याचीही गरज नाही. परंतु प्रेक्षकांनी जे लिहून दिले ते शब्दांत लिहून दिले, हे विसरता कामा नये. नैयायिकांनी प्रत्यक्षाचे निर्विकल्पक आणि सविकल्पक असे दोन प्रकार केले. पहिल्यात वस्तू भासते, पण 'हे असे आहे' अशी जोडणी नसते. दुसऱ्यात विशेष्य, विशेषण आणि त्यांचा संबंध अशी तीन अंगे असतात. बौद्ध दिङ्नागाने तर जोडणी आली की प्रत्यक्ष संपले, असेच म्हटले. आलेख हा स्वभावतः सविकल्पक आहे. दोन बिंदू आणि एक रेषा म्हणजे विशेष्य, विशेषण आणि संसर्गच. तो दर्शनाचे चित्र आहे असे जेव्हा सांगण्यात येते, तेव्हा ते दर्शनाच्या कोणत्या टप्प्याचे, हे विचारलेच पाहिजे.

चित्रांवरून आलेख काढण्याच्या अलीकडील उद्योगाकडे पाहिले की ह्या प्रश्नाचे महत्त्व पटते. 'व्हिज्युअल जीनोम' ह्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संग्रहात १,०८,०७७ छायाचित्रे असून त्यांतील वस्तू, त्यांचे गुण आणि त्यांचे परस्परसंबंध माणसांकडून नोंदवून घेतले आहेत. हे संबंध तपासणाऱ्यांस असे आढळले की त्यांतील बहुतेक 'वर आहे', 'मध्ये आहे', 'जवळ आहे' अशा स्थितीचे किंवा 'ला आहे', 'अंगात घातले आहे' अशा स्वामित्वाचे आहेत. खऱ्या अर्थाने क्रियेचे असे फारच थोडे. यात नवल नाही. स्थिर चित्रात भांडे कलंडलेले असते, कलंडत नसते. 'कलंडत आहे' हे पाहणारा आपल्या पदरचे घालतो. पुढे २०२० मध्ये 'ॲक्शन जीनोम' ह्या संग्रहात चलच्चित्रांतील क्रिया एकामागून एक येणाऱ्या आलेखांत फोडून मांडण्यात आली, आणि माणूस व वस्तू ह्यांतील संबंध तीन प्रकारांत बसविण्यात आले : लक्ष कोणाकडे आहे, जागा कोठे आहे, स्पर्श कसा आहे. क्षणांची ही रांग भर्तृहरीच्या वाचकास ओळखीची वाटेल. रांगेला एक नाव देणारी बुद्धी मात्र त्या आलेखांत कोठेच नाही. नाव बाहेरून, माणसाने लावलेल्या चिठ्ठीतून येते.

भारतीय शास्त्रांचा उल्लेख आला की रिक ब्रिग्ज ह्यांच्या १९८५ मधील लेखाचा विषय निघतोच. संस्कृत वैयाकरणांनी शाब्दबोधासाठी वाक्याचे जे विवरण केले ते कृत्रिम बुद्धीच्या संशोधकांच्या अर्थजालाशी साररूपाने एकच आहे, असे त्यांनी लिहिले. त्या लेखातून पुढे 'संगणकाला संस्कृत हीच योग्य भाषा' असा जो लोकप्रवाद पसरला त्याचा समाचार घेण्यास येथे जागा नाही. साम्य खरे आहे. पण ते संस्कृत भाषेत नसून विवरणाच्या पद्धतीत आहे. ती पद्धती मराठीला किंवा तमिळला लावली तरी तीच राहील. शिवाय ब्रिग्ज ह्यांनी ज्याकडे फारसे लक्ष दिले नाही तो मतभेदच आमच्या दृष्टीने मोलाचा आहे. 'चैत्र भात शिजवितो' ह्या वाक्याच्या बोधात मुख्य काय? कौण्डभट्ट आणि नागेश (काळे उपनावाचे हे पंडित काशीस राहिले) ह्यांच्या परंपरेत मुख्य धात्वर्थ, म्हणजे क्रिया. नैयायिकांच्या मते मुख्य चैत्र, आणि शिजविणे हे त्याचे विशेषण. मीमांसकांच्या मते मुख्य भावना, म्हणजे काही घडवून आणण्याचा व्यापार. आजच्या भाषेत सांगावयाचे तर आलेखाचे मूळ कोठे धरावे ह्यावर तीन शास्त्रे शतकानुशतके भांडली. ते भांडण व्यर्थ नव्हते. मूळ बदलले की 'वाक्य कशाविषयी आहे' ह्याचे उत्तर बदलते.

पाणिनीच्या कारकांविषयीही असेच. स्वतंत्र म्हणून बोलला जातो तो कर्ता. चूल शिजविते, हांडी शिजविते, लाकडे शिजवितात, असे म्हणण्याची मुभा बोलणाऱ्यास आहे, कारण कारके विवक्षेवर, म्हणजे बोलणाऱ्याच्या सांगण्याच्या इच्छेवर, अवलंबून असतात. फिलमोर ह्यांची अर्थविभक्ती जगाकडे पाहून ठरते. हांडी कधीही कर्ता होणार नाही, ती अधिकरणच राहील. आजचे आलेख फिलमोर ह्यांच्या वाटेने गेले आहेत. पाणिनीची वाट बोलणाऱ्यातून जाते, आणि बोलणारा म्हटला की त्याच्याबरोबर त्याचे पाहणे आले.

ह्याची खरी परीक्षा 'दिसणे' ह्या धातूवर होते. 'मी चंद्र पाहिला' आणि 'मला चंद्र दिसला'. दुसऱ्या वाक्यात क्रियापद चंद्राच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. स्वातंत्र्य चंद्राकडे आहे, आणि 'मला' हा केवळ ज्याच्याकडे ते दिसणे पोचले तो. 'चंद्र दिसला' एवढ्यानेही वाक्य पुरे होते. 'पाहणारा' आणि 'पाहिले गेलेले' अशी दोन घरे आधीच आखून ठेवणाऱ्या आलेखाला येथे एक घर रिकामे ठेवावे लागते किंवा न बोललेल्या माणसाने भरावे लागते. हिंदीच्या वाक्यकोशासाठी हैदराबाद येथे कारकांवर आधारलेली जी खुणांची पद्धती सिद्ध झाली तिने ह्या 'मला' साठी एक स्वतंत्र खूण ठेविली आहे. संप्रदानाचा क्रमांक चार, म्हणून ही खूण चारच्या पोटात. आणि नाव मात्र 'अनुभव कर्ता'. क्रमांक एका कुळाचा, नाव दुसऱ्या कुळाचे! पाणिनीत असे कारक नाही. ह्या खुणेला कोणी गोंधळ म्हणोत. आम्हांस ती विषयाची अचूक नोंद वाटते, कारण अनुभवणारा खरोखरच त्या दोन घरांच्या उंबऱ्यावर उभा आहे.

'मांजराने दूध सांडलेले दिसते' ह्या वाक्यात तर 'दिसते' ने आपले जुने काम सोडलेले आहे. येथे डोळ्यांना दूध दिसते. मांजराने ते सांडले हे 'दिसत' नाही, कळते. दर्शनाचा धातू अनुमानाची खूण झाला. आणि 'मांजराने दूध सांडले म्हणे' ह्यात बोलणाऱ्याने पाहिलेही नाही, अनुमानही केले नाही. कोणी तरी सांगितले. ते 'कोणी तरी' वाक्यात कोठेच नाही, तरी वाक्याचा सगळा भार त्याच्यावर आहे. प्रत्यक्ष, अनुमान, शब्द : प्रमाणशास्त्रातील तीन प्रमाणे स्वयंपाकघरातल्या एका सांडलवंडीत अशी रूपे घेऊन उभी राहतात.

आलेख मांडणाऱ्यांचे ह्याकडे लक्ष गेलेच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. 'युनिफॉर्म मीनिंग रेप्रिझेंटेशन' ह्या नंतरच्या पद्धतीत घटनेची पूर्णापूर्णता नोंदविली जाते, आणि प्रत्येक घटना कोणाच्या मते व किती निश्चितपणे घडली ह्याचा दुसरा आलेख पहिल्यास जोडला जातो. ही प्रगती आहे. पण त्यात ज्ञानाचा मार्ग निश्चयाच्या पायरीत विरघळून जातो, आणि तेथे आमचे समाधान होत नाही. 'भांडे पडलेले मला दिसले' असे म्हणणाऱ्यास भांडे पडले ह्याविषयी तिळमात्र शंका नसते, तरी त्याने ते पडताना पाहिलेले नाही. उलट, धुक्यातून कोणाला जाताना पाहणाऱ्याने प्रत्यक्ष पाहिलेले असते, आणि तरी तो कोण होता, कदाचित तो माणूसच होता की नाही, ह्याविषयी तो साशंक असतो. निश्चय आणि दर्शन ह्या दोन निरनिराळ्या रेषा आहेत. त्यांना एका पायरीवर बसविले तर साक्षीदाराची जबानी आणि पंचनामा ह्यांतील भेद पुसला जाईल, आणि ज्या यंत्रांकडे आज वृत्तान्त वाचण्याचे काम सोपविले जात आहे त्यांच्याकडून तो पुसला जाणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

मराठी वाक्यांना अर्थालेख जोडण्याचे काम हाती घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी 'म्हणे' ला अव्यय म्हणून बाजूस सारू नये. तो एक बिंदू आहे आणि त्यातून सांगणाऱ्याकडे जाणारा बाण रिकामा ठेवावयाचा आहे. '-ताना' आणि '-ल्याचे' ह्यांच्या रेषांना दोन नावे द्यावी. 'दिसणे' च्या बिंदूखाली निदान दोन अर्थ वेगळे करावे. ह्यांपैकी कशालाही नवे गणित लागत नाही. बिंदू आणि रेषा ह्यांनी ते निभावते.

एका ठिकाणी मात्र निभावते की नाही ह्याविषयी आम्ही साशंक आहो. 'उजाडले.' 'सांजावले.' कर्ता नाही, कर्म नाही. क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात एकटे उभे आहे. इंग्रजी भाषा अशा वेळी एक पोकळ सर्वनाम पुढे करते, मराठीला त्याची गरज पडत नाही. आलेख काढला तर एक बिंदू, आणि एकही रेषा नाही. तेन्येर ह्यांच्या नाट्यात हा पात्रे नसलेला प्रसंग झाला. आणि तरी कोणास तरी दिसल्यावाचून, डोळ्यांवर प्रकाश आल्यावाचून, हे वाक्य कोणी उच्चारीत नाही. त्या डोळ्यांकडे जाणारी रेषा त्या एका बिंदूतून काढावी की काढू नये, हे अद्याप ठरावयाचे आहे.